बाबा झोपलाय

दुपारची जेवणं आटोपली की त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. नियम कुणी केला नव्हता, आपोआप पडला होता. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. उजाडायच्या कितीतरी आधी घरातून निघायचा आणि परत यायचा तेव्हा भुवयांवर पीठ आणि हातपाय शिशासारखे जड. दोन घास खाऊन तो आतल्या खोलीत आडवा व्हायचा. खोल्या दोनच होत्या. मधली भिंत इतकी पातळ की बाहेर चमचा पडला तरी आतला माणूस कूस बदलायचा.

बायको बसवर कंडक्टर. सात नंबरच्या बसवर तिची इतकी वर्षं गेली होती की गल्लीत तिला सगळे कंडक्टरबाईच म्हणत. धावत्या बसमध्ये ती कशालाही न धरता उभी राहायची. कोण चढलं, कोण उतरलं, कोण तिकीट चुकवून खिडकीबाहेर बघतंय, हे तिला मान न वळवता कळायचं. दुसऱ्या बाळंतपणाची रजा घेऊन ती घरी बसली, म्हणजे रजेच्या अर्जात तसं लिहिलं होतं. प्रत्यक्षात तिला बसवतच नव्हतं. भांडी घासून झाली की ती पुसायची, पुसून झाली की फळीवर लावायची, लावून झाली की पुन्हा काढून फळी पुसायची. माणसांनी भरलेलं घर खायला उठतं, हे ती कुणाला सांगायला गेली असती तर लोक हसले असते.

थोरली मुलगी अडीच वर्षांची. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली म्हणून तिला भिंगरीच म्हणत. धाकटा चार महिन्यांचा, त्याचं नाव पडलं होतं गोळा. मांडीवर असेपर्यंत गोळा गाढ झोपायचा आणि गादीवर टेकवला की गादीला काटे असल्यासारखा जागा व्हायचा. तो रडला की भिंगरी त्याला गप्प करायला धावायची, धावताना कशावर तरी आपटायची, आणि मग दोघं मिळून सूर लावायची.

"शू," आई म्हणायची. "बाबा झोपलाय."

हे ती दुपारभर म्हणायची. भिंगरीही शिकली होती. चवड्यांवर चालायची, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून जमिनीवर असा ठेवायची की जणू तो काचेचा आहे. बोलताना नुसते ओठ हलवायची. तरी अडीच वर्षांचं पोर ते, कधीतरी हातून डबा पडायचाच. मग आतून नवरा उठून दाराशी यायचा, लाल डोळ्यांनी क्षणभर उभा राहायचा, पाणी प्यायचा आणि परत जायचा. एका शब्दानं बोलायचा नाही. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटायचं. ओरडणाऱ्याशी निदान भांडता येतं.

म्हणून ती दोघांना घेऊन बाहेर पडू लागली. गोळ्याला कापडानं छातीशी बांधायचं, भिंगरीचं बोट धरायचं आणि चालत सुटायचं. बाग दुपारी बंद. दुकानदार अर्धं शटर ओढून पेंगत असायचे. ती या फुटपाथवरून जायची आणि त्या फुटपाथवरून यायची. समोरच्या शिंपीणकाकू मशीनवरून मान वर न करता म्हणायच्या, "सात नंबर सोडलीस आणि अकरा नंबरच्या बसवर लागलीस वाटतं." म्हणजे स्वतःच्या दोन पायांच्या. ती हसायची. तळपाय मात्र संध्याकाळी ठणकायचे, आणि भिंगरी अर्ध्या वाटेत कडेवर घे म्हणून बसकण मारायची. एक पोर पुढे बांधलेलं, एक कमरेवर.

अशाच एका दुपारी सात नंबर तिच्यापाशी येऊन थांबली. जवळ स्टॉप नव्हता. चालवत होते ड्रायव्हरकाका, ज्यांच्या बसवर तिची निम्मी नोकरी झाली होती. मोजकं बोलणारा, कडक माणूस. त्यांचं म्हणणं असं की बस वेळेवर निघते आणि वेळेवर पोचते, मधल्या वेळात जगात काय होतं त्याच्याशी ड्रायव्हरचा संबंध नाही. सीटवरून ते फक्त शेवटच्या स्टॉपवर उठायचे. त्यांनी दार उघडलं आणि मानेनंच खूण केली. ती चढली. पुढचा स्टॉप यायच्या आत गोळा झोपला. नुसता डुलकी लागल्यासारखा नाही, पार लुळा होऊन. ती बस शेवटपर्यंत गेली, वळून परत आली, आणि गोळा झोपलेलाच होता. भिंगरी सीटच्या दांड्या धरून पुढे-मागे करत होती, जुनी तिकिटं उतारूंच्या हातात कोंबत होती, आणि तोंडानं हवा तेवढा आवाज करत होती. इथे शू म्हणायचं कारण नव्हतं.

त्यानंतर रोजच ती दुपारी बसमध्ये असायची. नवऱ्याला सांगितलं होतं की बहिणीकडे जाते. अगदीच खोटं नव्हतं. बहिणीचं घर त्याच रस्त्यावर होतं, ती तिथे उतरत नव्हती एवढंच.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी उकाडा होता. गोळ्याच्या मानेवर घामोळं उठलं होतं म्हणून तिनं त्याला कापडातून सोडवून मांडीवर घेतलं होतं. नेहमीचा कंडक्टर सुट्टीवर होता. बदलीवर आलेला तिला ओळखत नव्हता आणि तो मागच्या बाजूला तिकिटं देण्यात गुंतला होता. भिंगरी शेजारच्या सीटवर गुडघे टेकून खिडकीच्या काचेवर बोटानं रेघोट्या ओढत होती. बस डुलत होती. गोळ्याचा श्वास तिच्या पोटाला लागत होता. आपले डोळे मिटतायत हे तिला कळलं, आणि एकच क्षण, असं म्हणून तिनं ते मिटू दिले.

जाग आली ती बेलच्या दोन टोल्यांनी. बस निघायची खूण. आयुष्यभर स्वतः दिलेली खूण, तिला ती झोपेतही कळली. मंडईचा स्टॉप मागे जात होता. शेजारची सीट रिकामी होती.

आधी तिनं सीटखाली बघितलं. मग मागच्या सीटखाली. मग ती उभी राहिली आणि संपूर्ण बसवर नजर फिरवली, जशी रोज फिरवायची, आणि एका नजरेत तिला कळलं की पोर बसमध्ये नाही. पुढच्या सीटवरची एक बाई म्हणाली की पिवळ्या फ्रॉकातली एक मुलगी मघाशी गर्दीबरोबर उतरली, त्यांच्यातलीच असेल असं वाटलं. तिनं ते पूर्ण ऐकलंही नाही. तिचा हात वर गेला आणि तिनं बेलची दोरी खेचली. एकदाच. थांब.

बस कोपरा वळून बरीच पुढे आली होती. ती गोळ्याला घेऊन दारापाशी धावली. बाहेर मंडईची भर दुपारची गर्दी, हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर टोपल्या घेतलेली माणसं. हातातलं पोर अजून नीट मान धरत नव्हतं. त्याला असं घेऊन या गर्दीत धावायचं कसं, आणि न धावायचं कसं, हे तिला पायरीवर सुचेना. एक पाय खाली, एक पाय वर, अशी ती तिथेच अडकली.

"त्याला इकडे दे," ड्रायव्हरकाका म्हणाले.

तिनं वळून बघितलं. काकांनी इंजिन बंद केलं होतं आणि दोन्ही हात पुढे केले होते. तिनं गोळ्याला त्या हातांत ठेवलं. ठेवताना तो जागा झाला आणि त्यानं तोंड वासलं. तो रडायला लागायच्या आत ती खाली उतरली होती.

मग ती धावली. इतकी वर्षं तिनं माणसं चढवली आणि उतरवली. भरलेल्या बसमध्ये कुणी गुपचूप पायरीवर लटकलं तरी तिला कळायचं. आणि आपलं पोर शेजारून उठून, तीन पायऱ्या उतरून गेलं, तेव्हा आपण झोपलो होतो. हे तिच्या डोक्यात घण पडावा तसं पडत होतं. ती ओरडत होती, "भिंगरे, ए भिंगरे." नाव असं की ऐकणाऱ्याला वाटावं बाई खेळणं विकतेय. स्टॉपवरच्या चांभाराला विचारलं, त्यानं उजवीकडे हात दाखवला. फळवालीनं डावीकडे. एकानं सांगितलं, पिवळ्या फ्रॉकची मुलगी होती पण आजोबांच्या कडेवर होती. ती तिकडे धावली. दुसरीच मुलगी होती, हिला बघून ती पोर भोकाड पसरून रडली. उभ्या टेम्पोखाली तिनं वाकून बघितलं. गुडघे टेकून गटाराच्या उघड्या तोंडात बघितलं. उठताना तिचा पाय चिखलात रुतला आणि बूट तिथेच राहिला. एका पायात बूट, एक पाय अनवाणी, अशी ती मंडईच्या मागच्या बोळात शिरली.

त्या बोळात ती मघाशी एकदा येऊन गेली होती. हाका मारत आली होती आणि उत्तर आलं नाही म्हणून परत फिरली होती. या वेळी ती हाका न मारता आली, कारण घसा बसला होता. बोळात भिंतीच्या सावलीत हमालांच्या रिकाम्या हातगाड्या लावलेल्या होत्या. त्यांतल्या एकीवर एक माणूस तोंडावर टॉवेल घेऊन झोपला होता, हात बाजूला लोंबत होता. त्या हाताखाली, गाडीच्या चाकाशी, पिवळा फ्रॉक उकिडवा बसला होता.

तिनं तोंड उघडलं. भिंगरीनं तिच्याकडे बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि ओठांवर बोट ठेवलं.

"शू," ती कुजबुजली. "बाबा झोपलाय."

तो तिचा बाबा नव्हता हे भिंगरीला चांगलं माहीत होतं. दुपारी झोपलेल्या प्रत्येक माणसाला ती बाबाच म्हणत असावी. आईच्या हाका तिनं ऐकल्या होत्या. हे नंतर, घरी, तिनं स्वतःच सांगितलं. आई ओरडत होती, आणि भिंगरी बसून राहिली होती, कारण ओ दिली असती तर माणूस उठला असता.

आई तिथेच चिखलात बसली. भिंगरीला तिनं ओढून कुशीत घेतलं आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं हमाल जागा झाला. टॉवेल बाजूला करून त्यानं बघितलं तर खाली एक बाई हमसून रडतेय आणि तिच्या कुशीतलं पोर तिच्या तोंडावर हात दाबतंय. तो गडबडून खाली उतरला. आपल्या गाडीचा धक्का लागला की काय, असं वाटून तो माफीच मागू लागला. मुलीला लागलं का, असं पुन्हा पुन्हा विचारू लागला. शेवटी तिचा अनवाणी पाय बघून त्यानंच बूट शोधून आणून दिला.

ती परतली तेव्हा बस होती तिथेच उभी होती. काही उतारू वैतागून उतरून गेले होते, मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते. ड्रायव्हरकाका आपल्या सीटवर नव्हते. ते बसच्या मधल्या वाटेत येरझारा घालत होते, गोळ्याला खांद्यावर टाकून. गोळा रडून रडून निळा-तांबडा झाला होता आणि काकांच्या खाकी शर्टावर त्यानं दूध काढलं होतं. पिवळा फ्रॉक दिसला तेव्हा काका थांबले. त्यांनी पोर तिच्या हातात दिलं.

"तुला काम पाहिजे," ते म्हणाले. "घरी बसून तुझं हे असं होणार."

बस्स. मग ते सीटवर जाऊन बसले. त्या दिवशी सात नंबर उशिरा पोचली, आणि उशीर का झाला म्हणून डेपोत विचारलं तेव्हा काकांनी इंजिन तापलं होतं असं सांगितलं.

घरी जाताना नवऱ्याला काही सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. सांगून काय होणार? तो बिचारा भट्टीपुढे शिजून येतो. पण घरी आली तेव्हा तो उठून चहा करत होता. त्यानं तिच्या चिखलानं भरलेल्या कपड्यांकडे बघून विचारलं, बहिणीकडे नळाचं काम चाललंय का? आणि तिला राहवलं नाही. तिनं सगळं सांगितलं. बस, झोप, मंडई, हमाल. सांगताना ती चालतच होती, ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत. त्यानं चहाचं पातेलं खाली उतरवलं आणि गॅस बंद करायला विसरला.

"इतके दिवस तू रोज बसनं फिरत होतीस?" त्यानं विचारलं.

"मग कुठे जाऊ? इथे श्वास घेतला तरी तुझी झोप मोडते."

"मी कधी काही बोललो?"

"तेच तर. बोलत नाहीस. दारात येऊन उभा राहतोस."

त्यानं भिंगरीला जवळ बोलावलं. ती चवड्यांवर चालत आली. त्यानं विचारलं, आई हाका मारत होती तेव्हा ओ का नाही दिलीस? तिनं कुजबुजत सगळं सांगितलं. बाबा जागा होता, समोर बसला होता, चहा पीत होता, तरी ती कुजबुजतच होती. आजवर त्यानं ते ऐकलं होतं, पण लक्षात घेतलं नव्हतं. त्यानं कप खाली ठेवला आणि बराच वेळ तो पोरीच्या पायांकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून येताना कापूस घेऊन आला. कानांत बोळे घालून झोपेन, म्हणाला, पोरांना हवा तेवढा दंगा करू दे. ती म्हणाली, आणि नाही झोप लागली तर? तो म्हणाला, नाही लागली तर नाही लागली, भट्टीवर पेंगलो तर चटका बसून जाग येईल. हे त्यानं गमतीनं म्हटलं, पण तिला मुळीच हसू आलं नाही.

अडचण निराळीच निघाली. भिंगरी दंगाच करेना. बाबा आत गेला की ती आपसूक चवड्यांवर यायची. आईनं सांगितलं, बोल मोठ्यानं, चालेल. ती आईलाच दटावायची. गोळा रडला तर त्याच्या तोंडावर हात ठेवायला धावायची, आणि मग आईला तिच्यापाठोपाठ धावावं लागायचं. असे काही दिवस गेले. शेवटी एका दुपारी नवरा झोपायला न जाता बाहेरच्या खोलीत मांडी घालून बसला, एका हातात ताट आणि एका हातात डाव घेऊन. त्यानं ताट वाजवलं. भिंगरी दचकली आणि शू म्हणाली. त्यानं पुन्हा वाजवलं. म्हणाला, बाबा जागा आहे, हा बघ. मग तो आडवा झाला, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच ताट बडवू लागला. भिंगरीनं आईकडे बघितलं. आई ओट्याशी उभी होती, तिनं पातेल्यावर झाकण आपटलं. गोळा घाबरून रडू लागला. मग भिंगरी हळूच पुढे आली, बाबाच्या हातातला डाव तिनं काढून घेतला आणि ताटावर टेकवला. नुसता टेकवला. आवाज जेमतेम आला. जोरात बडवायला तिला पुढचा आठवडा लागला, आणि एकदा जमलं म्हटल्यावर शिंपीणकाकू तक्रार घेऊन आल्या.

नवऱ्याची झोप काही पुरी होईना. बोळे घालूनही तो तळमळायचा, कूस बदलायचा, वैतागून उठायचा. आता मात्र तो दारात मुका उभा राहत नसे. एकदा तर त्यानं खेकसून भिंगरीच्या हातातून ताट काढून घेतलं, आणि मग ओशाळून तिला खांद्यावर बसवून खाली फिरायला घेऊन गेला. ती दोघं परत आली तेव्हा दोघांतलं कोण जास्त झोपाळलंय हे कळत नव्हतं.

मग कंडक्टरबाईनं रजा संपायची वाट न बघता कामावर जायचं ठरवलं. दिवसाची पाळी मागून घेतली. सकाळी पोरांना बहीण सांभाळणार, तिच्याकडे खरंच सोडायचं, आणि दुपारी नवरा घरी आला की त्यानं दोघांना घेऊन यायचं. संध्याकाळी ती आली की तो झोपणार. लोक म्हणाले, चार-पाच महिन्यांचं पोर सोडून कशी जाते. तीही तेच म्हणत होती, मनातल्या मनात, आणि युनिफॉर्मला इस्त्री करत होती.

पहिल्या दिवशी ती सात नंबरवर चढली. पाय बसच्या तालात बरोबर पडले. पहिल्या दोन फेऱ्या तिला फार बरं वाटलं, इतकं की त्याचीच तिला लाज वाटली. तिसऱ्या फेरीत मागच्या सीटवर कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. निव्वळ भुकेचं रडणं. तिच्या छातीत कळ आली आणि युनिफॉर्मचा पुढचा भाग ओला झाला. तिनं तिकिटांची बॅग छातीवर ओढून घेतली आणि उरलेली फेरी तशीच केली. उतारूंकडे ती बघत होती, पण कोण चढलं, कोण उतरलं, हे तिला पहिल्यासारखं कळेना. प्रत्येक स्टॉपवर लहान मूल उतरलं की ती त्याच्या मागे कोण उतरतंय ते बघायची, आणि ते बघेपर्यंत बेल द्यायची नाही.

शेवटच्या स्टॉपवर तिनं घरी फोन लावला. मागे ताट बडवल्याचा आवाज येत होता. नवरा ओरडून म्हणाला, गोळा आज पालथा पडला, आपला आपणच, आत्ता, जेवण झाल्यावर. ती म्हणाली, मी असताना का नाही पडला? नवरा म्हणाला, ते त्याला विचार. ती हसली, आणि फोन ठेवल्यावर तिला राग आला. नेमका कुणाचा, ते तिला सांगता आलं नसतं.

ड्रायव्हरकाका खाली उतरून टायरवर पाय ठेवून पाणी पीत होते. तिनं त्यांना सांगितलं. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, घड्याळात बघितलं.

"मग आता पलंगावर एकटं ठेवू नका म्हणावं," ते म्हणाले. "गडगडत खाली येईल."

तिनं घाईघाईनं पुन्हा फोन लावला.